बर्फातले ताड : हौस आणि विज्ञान

ताड किंवा माड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा, खारा वारा आणि दमट उकाडा उभा राहतो. नारळ, सुपारी, ताड, शिंदी, खजूर, भेरला माड ही सारी झाडे एकाच कुळातली. वनस्पतिशास्त्रात या कुळाला ताल-कुल म्हणतात. त्यात अडीच हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक उष्ण कटिबंधात राहतात. म्हणून ताड म्हणजे उष्ण देशाचे झाड, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते.

आता दुसरे चित्र पाहा. स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला तिचीनो नावाचा प्रांत आहे. तेथे आल्प्सच्या पायथ्याशी लुगानो आणि माजोरे ही दोन मोठी सरोवरे आहेत. जानेवारीतील कित्येक रात्री तेथे पारा गोठणबिंदूच्या खाली उतरतो. डोंगरउतारावरील चेस्टनटची झाडे पाने गाळून उघडी उभी असतात. पण त्यांच्या पायथ्याशी, जंगलाच्या सावलीत, पंख्यासारख्या हिरव्यागार पानांची ताडाची रोपे दिसतात. ती कोणी लावलेली नाहीत, आपोआप उगवलेली आहेत. मधूनमधून त्यांच्यावर बर्फही पडतो.

गेली पावणेदोनशे वर्षे युरोपात, आणि पुढे अमेरिकेतही, कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात ताड वाढवण्याचा नाद अनेक बागवानांना लागलेला आहे. काही जण या नादाला निव्वळ खुळ समजतात, तर काहींना त्यात निसर्गावर मिळवलेला विजय दिसतो. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. थंडीत ताड लावणे हा एक चांगला वैज्ञानिक प्रयोग होऊ शकतो. मात्र त्यासाठी 'झाड जगते का?' या एकाच प्रश्नावर थांबून चालणार नाही. 'ते कशामुळे जगते?' आणि 'जगले तर पुढे काय होईल?' हे दोन प्रश्नही विचारले पाहिजेत. पुष्कळ बागांतून हे दोन प्रश्न विचारलेच गेले नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

ताडाला थंडी का बाधते?

आंब्याची फांदी तोडली तर खाली नवी पालवी फुटते. खोडाला जखम झाली तर काही वर्षांत ती भरून येते. खोडाच्या सालीखाली सतत नव्या पेशी तयार करणारा एक पातळ थर असतो, त्याला ऊतककर म्हणतात. दरवर्षी नवे लाकूड तयार करणे हे त्याचेच काम. ताड हे एकदलिकित झाड, म्हणजे गवत, बांबू, केळ यांच्या जातकुळीचे. त्याच्या खोडात असा ऊतककर नसतो. झाडाची सारी वाढ शेंड्यातील एका कोवळ्या कोंबातून होते. तो कोंब गेला की बहुतेक जातींचे झाड संपलेच. कोकणातील बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. गेंड्या भुंग्याने किंवा सोंड्या भुंग्याने माडाचा शेंडा पोखरला की उभा माड हातचा जातो, हे तो जाणतो. भुंग्याऐवजी थंडीने कोंब मारला, तरी परिणाम तोच.

थंडी कोंबाला आणि पानांना कशी मारते? पारा शून्याखाली गेला की प्रथम पेशींच्या बाहेरचे, म्हणजे पेशींमधल्या फटीतील पाणी गोठते. तेथे तयार झालेला बर्फ पेशींच्या आतील पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आक्रसतात. हे एका मर्यादेपलीकडे गेले की पेशीचे आवरण फाटते आणि मग बर्फ वितळल्यावरही पेशी पूर्ववत होत नाही. थंडीनंतर पान काळपट, भिजल्यासारखे दिसते ते यामुळेच.

ताडापुढे आणखी एक अडचण असते. मुळांनी शोषलेले पाणी खोडातील बारीक नलिकांतून वर चढते. नलिकेतील पाणी गोठून वितळताना त्यात हवेचे बुडबुडे तयार होतात आणि पाण्याचा धागा तुटतो. ओक, चेस्टनट यांसारखी झाडे पुढच्या वसंतात नव्या नलिका तयार करतात. ताडाच्या खोडात मात्र एकदा झालेल्या नलिकाच जन्मभर पुरवायच्या असतात. शिवाय थंड प्रदेशातील पुष्कळ झाडे हिवाळ्यापूर्वी पाने गाळून स्वस्थ राहतात, ताडाला तशी सोय नाही. जमिनीतील पाणी गोठलेले असले तरी वरची हिरवी पाने वाऱ्याने पाणी गमावतच राहतात. म्हणजे कडक हिवाळ्यात ताड गारठतो आणि त्याच वेळी तहानेनेही व्याकूळ होतो.

तरीही काही जण तगतात

एवढ्या अडचणी असूनही या कुळातील मोजक्या जाती थंडी सोसतात. त्यांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे चीनमधील चुसान ताड. त्याचे शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. नावातला 'फॉर्च्यून' म्हणजे रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक. चीनच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या चुसान बेटावर, ज्याला आज झोउशान म्हणतात, त्याने १८४० नंतरच्या दशकात हे ताड पाहिले. तेथील लोक त्याच्या खोडावरील तपकिरी धाग्यांपासून दोर आणि पावसाळी अंगरखे बनवत. आपल्याकडे शेतकरी पावसात इरले वापरतो, तसाच तो प्रकार. १८४९ साली फॉर्च्यूनने पाठवलेली रोपे इंग्लंडात पोचली. काही क्यू येथील वनस्पती उद्यानात गेली, तर एक वाइट बेटावरील व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बर्न वाड्याच्या बागेत. त्याआधीच, १८३० साली, फिलिप फॉन सीबोल्ट याने जपानमधून या ताडाचे बी युरोपात आणले होते. परंतु हा ताड काचघराबाहेर उघड्यावर जगतो, हे लोकांच्या ध्यानात आले ते फॉर्च्यूननंतर. चांगला मोठा झालेला चुसान ताड शून्याखाली सुमारे १५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी थोडा काळ सोसतो. तो मूळचा चीनमधील डोंगराळ, थंड आणि दमट जंगलांतला, हे त्यामागचे कारण.

अमेरिकेच्या आग्नेय भागातील सुई-ताड, म्हणजे रॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स, याहूनही चिवट आहे. शून्याखाली २० अंशांच्या आसपासची थंडी सोसूनही तो जगल्याचे आढळले आहे. त्याच भागातील बुटका सॅबल, म्हणजे सॅबल मायनर, हाही असाच काटक. या दोघांची युक्ती साधी आहे. सुई-ताडाचा कोंब जमिनीलगत, जुन्या देठांच्या आणि काट्यांच्या जाळीत दडलेला असतो. बुटक्या सॅबलचे खोड बहुधा जमिनीखालीच राहते. जमीन हवेइतक्या लवकर थंड होत नाही. वर बर्फाचा जाड थर पडला तर तो गोधडीचे काम करतो, कारण बर्फाच्या भुसभुशीत थरात पुष्कळ हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही. वरची पाने करपली तरी कोंब शाबूत राहतो आणि वसंतात नवी पाने येतात.

तिसरा नमुना बलुचिस्तान आणि अफगाणिस्तानातील मझरी ताडाचा. त्याच्या पानांच्या चटया आणि टोपल्या विणतात. तेथील डोंगरांत हिवाळ्यात पारा शून्याखाली बराच उतरतो, पण जमीन कोरडी असते आणि उन्हाळा कडक असतो. हाच ताड ओलसर हिवाळ्याच्या देशात नेला तर तितकीशी थंडी नसतानाही कुजून मरतो. उलट चुसान ताडाला ओलावा चालतो, पण कोरडा बोचरा वारा त्याची पाने फाडून टाकतो.

एक आकडा पुरेसा नाही

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येईल. 'हे झाड शून्याखाली १५ अंश सोसते' या वाक्याला एकट्याने फारसा अर्थ नाही. किती तास सोसते? ओल्या मातीत की कोरड्या? वाऱ्यात की आडोशाला? थंडी हळूहळू वाढत गेली की एका रात्रीत कोसळली? झाड दोन वर्षांचे की वीस? हे सांगितल्याखेरीज तो आकडा अपुरा राहतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याने वनस्पतींच्या काटकपणाचे विभाग दाखवणारा नकाशा तयार केला आहे. प्रत्येक ठिकाणी दरवर्षी नोंदल्या गेलेल्या सर्वांत कमी तापमानांची सरासरी काढून तो बनवतात. २०२३ सालच्या नकाशासाठी १९९१ ते २०२० या ३० वर्षांच्या नोंदी वापरल्या आहेत. नकाशा उपयुक्त आहे, पण सरासरीत एक धोका असतो. ती एकोणतीस सौम्य हिवाळ्यांच्या मागे एक भयंकर हिवाळा लपवू शकते, आणि झाड मरायला एकच हिवाळा पुरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर जी शीतलाट आली, तीत डॅलस येथे पारा शून्याखाली सुमारे १९ अंशांपर्यंत घसरला. त्या राज्यात हौसेने लावलेले मेक्सिकोकडील उंच पंखाताड मोठ्या संख्येने मेले. तेथलाच मूळ रहिवासी असलेला बुटका सॅबल मात्र बहुतांशी तगला.

एकाच गावातही सर्वत्र सारखी थंडी नसते. हे पाहायला युरोपात जायची गरज नाही. महाबळेश्वरला काही हिवाळ्यांत वेण्णा तलावाच्या परिसरात पहाटे दव गोठून गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. त्याच वेळी गावातील तापमापक मात्र शून्याच्या काही अंश वर असतो. थंड हवा जड असते. ती रात्री उतारावरून खाली सरकून सखल भागात साठते. निरभ्र रात्री गवत आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. युरोपातील जाणता बागवान आपला ताड सखल भागात न लावता दक्षिणेकडे तोंड असलेल्या दगडी भिंतीशी लावतो, तो याच कारणाने. दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी थोडी उष्णता परत देते.

गुंडाळलेला ताड काय सांगतो?

आता हौशी बागवानांच्या एका सवयीविषयी. डिसेंबर आला की अनेक जण ताडाची पाने एकत्र बांधतात, भोवती पेंढा भरतात, वर कापड गुंडाळतात, काही जण आत विजेचे दिवेही लावतात. झाडावर माया असणे वाईट नाही. लहान रोपाला पहिली दोनचार वर्षे असा आधार देणे योग्यच आहे. पण असा जगवलेला ताड दाखवून 'आमच्या गावात ताड जगतो' असे म्हणणे मला मान्य नाही. त्यावरून फार तर पेंढ्यात आणि दिव्याच्या उबेत ताड जगतो एवढेच सिद्ध होते. प्रयोगात ज्या घटकाची परीक्षा घ्यायची तोच झाकून ठेवला, तर निष्कर्ष कशाचा काढणार?

दुसरी तक्रार नोंदींची आहे. जगलेल्या ताडाविषयी सारे बोलतात, मेलेल्या दहांविषयी कोणी लिहीत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने ते दहाही तितकेच मोलाचे आहेत. कोणत्या रात्री, किती तापमानात, कोणत्या मातीत झाड मेले, ही नोंद पुढच्या माणसाचे श्रम वाचवते. एकाच जातीची वीस रोपे घ्यावीत, दहा झाकावीत, दहा उघडी ठेवावीत आणि जे होईल ते तारखेसह लिहावे. असे झाले तर हौसेच्या बागेला प्रयोगशाळेचे मोल येईल.

उघड्यावर, स्वतःच्या बळावर वाढणारा ताड हा हवामानाचा एक उत्तम साक्षीदार असतो. शास्त्रज्ञ त्याची साक्ष लाखो वर्षांपूर्वीच्या काळासाठीही घेतात. २००४ साली उत्तर ध्रुवाजवळच्या सागरतळातून गाळाचे नमुने काढण्यात आले. त्यांत सुमारे ५ कोटी ३० लक्ष वर्षांपूर्वीचे ताल-कुलातील परागकण सापडले. त्या काळी त्या भागातील सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमानही ८ अंश सेल्सिअसच्या खाली नसावे, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. हे अनुमान काढता आले, कारण त्या ताडांना पेंढ्यात गुंडाळणारे कोणी नव्हते!

जगला, पण पुढे?

आता पुन्हा तिचीनोकडे वळू. एकोणिसाव्या शतकात चुसान ताड तेथील बागांत शोभेसाठी आला. पुढे तो इतका रुळला की प्रवाशांना तो त्या प्रांताची खूणच वाटू लागला. त्याची निळसर काळी फळे पक्षी खातात आणि बिया जंगलात टाकतात. पूर्वी हिवाळा त्यांतील बहुतेक रोपे मारून टाकी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिवाळे सौम्य होत गेले आणि रोपे जगू लागली. ताडाचा हा प्रसार हिवाळ्यातील वाढत्या तापमानाशी निगडित आहे, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले. आज तेथील काही जंगलांच्या तळाशी ताडांची दाटी झाली आहे. त्यांच्या बारमाही सावलीत स्थानिक झाडांची रोपे वर येत नाहीत. अखेर १ सप्टेंबर २०२४ पासून स्वित्झर्लंडने या ताडाची विक्री, आयात आणि देणगीदाखल देवाणघेवाणही बंद केली. बागेत आधीपासून असलेली झाडे ठेवण्यास मुभा आहे. फुलोरा फळे धरण्यापूर्वीच कापून टाकावा, असे सुचवले जाते.

यावर कोणी म्हणेल, 'मग परकी झाडे लावूच नयेत का? मिरची, बटाटा, टोमॅटो हे तरी आपले कुठे?' हा आक्षेप योग्य आहे, आणि सरसकट बंदी हे त्याचे उत्तर नव्हे. मिरची शेतकऱ्याने जपली तरच टिकते, कुंपण ओलांडून जंगल गिळत नाही. पण घाणेरी आणि जलपर्णी यांची गोष्ट निराळी. या दोन्ही वनस्पती शोभेसाठीच भारतात आल्या. आज घाणेरीने आपली माळराने आणि जंगले व्यापली आहेत, तर जलपर्णीने नद्या आणि तलाव. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी 'हे येथे जगेल का?' एवढेच पाहिले, 'जगले तर कोठे थांबेल?' हे पाहिले नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, नवे झाड लावण्यापूर्वी त्याची फळे कोण खातो, बी किती दूर जाते, जवळ जंगल आहे का आणि आज त्याला कशामुळे आळा बसला आहे, हे विचारावे. तो आळा केवळ थंडीचा असेल, तर हवामान बदलत असलेल्या या काळात त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

घरचा हिम-ताड

या विषयाचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. चुसान ताडाचा एक सख्खा भाऊबंद भारतात आहे. उत्तराखंडातील पिथोरागड जिल्ह्यात, थल केदारच्या परिसरातील डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरहून अधिक उंचीवर तो ओकच्या जंगलात वाढतो. हिवाळ्यात तेथे बर्फ पडतो. त्याचे नाव कुमाऊँ ताड, शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस टाकिल. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १९०५ साली त्याला हे नाव दिले. नैसर्गिक अवस्थेत तो फार थोड्या जागी उरला आहे. खोडावरच्या धाग्यांचे दोर आणि पानांचे झाडू यांसाठी त्याची तोड होत आली. त्यासाठी डोंगरातल्या गरीब माणसाला दोष देणे सोपे आहे, पण त्याला दुसरा दोर आणि दुसरा झाडू मिळवून देणे अधिक उपयोगाचे आहे.

विरोधाभास पाहा. एक भाऊ परमुलखात इतका माजला की त्याच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली. दुसरा आपल्याच डोंगरात दुर्मीळ झाला. दोघांची थंडी सोसण्याची शक्ती जवळजवळ सारखीच. म्हणजे झाडाचे भवितव्य केवळ त्याच्या काटकपणावर ठरत नाही, माणूस त्याच्याशी कसा वागतो यावरही ठरते. ज्या उत्साहाने परदेशी बागवान ताडाभोवती पेंढा बांधतात, त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी आपण कुमाऊँ ताडाचे बी गोळा करून त्याच डोंगरांतल्या शाळांच्या आवारात रोपवाटिका केल्या, तरी त्या जातीला मोठा आधार मिळेल. तेथे त्याला गोधडी लागणार नाही आणि परका म्हणून हाकलायचीही वेळ येणार नाही.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात 'उष्ण प्रदेशातील वनस्पती' आणि 'थंड प्रदेशातील वनस्पती' अशा दोन याद्या पाठ करून घेताना या ताडांची आठवण ठेवावी. आणि विद्यार्थ्यांनी या हिवाळ्यात एक साधे काम करावे. शाळेच्या आवारात एक तापमापक भिंतीशी आणि एक मोकळ्या सखल जागी गवतालगत ठेवावा, दोन्हींवर ऊन पडणार नाही असे पाहावे आणि डिसेंबर व जानेवारीत रोज सूर्योदयाच्या सुमारास दोन्ही आकडे वहीत लिहावेत. दोन्हींत किती फरक पडतो आणि निरभ्र रात्रीनंतर तो वाढतो का, हे तपासावे. जवळ केळ, पपई किंवा माड असेल तर त्याच्या पानांवर काय परिणाम होतो तेही नोंदवावे. दोन महिन्यांनी तुमच्या गावच्या थंडीविषयी तुम्हाला जे कळलेले असेल, ते कोणत्याही नकाशात छापलेले नसेल.